रेटिंग वरून, पत्र खालून

एप्रिल लागला की पुण्यातल्या नोकरदारांच्या बोलण्यात एकच विषय उरतो. हिंजवडीतून वाकडच्या पुलाकडे सरकणारी कंपनीची बस, खराडीतली चहाची टपरी, मगरपट्ट्यातली जेवणाची सुट्टी, कुठेही कान द्या. रेटिंग काय आलं, हाईक किती टक्के, प्रमोशन झालं की पुढच्या सायकलवर ढकललं? वर्षभराच्या मेहनतीला एक आकडा मिळतो आणि तो देणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो, मॅनेजर.

ज्यांना प्रमोशन मिळतं त्यांच्यासाठी मग नेतृत्वाची शिबिरं भरतात. लोणावळा, मुळशी, नाहीतर बाणेरचं एखादं हॉटेल. दोन दिवस स्लाइड, गटागटानं खेळ, शेवटी ग्रुप फोटो. माझी या शिबिरांबद्दलची तक्रार साधी आहे. तिथे शिकवणारा, शिकणारा आणि पैसे भरणारा, तिघेही एकाच बाजूचे असतात. ज्यांच्यावर हे नेतृत्व चालणार आहे त्यांना कुणी विचारत नाही.

अप्रेझलचा फॉर्म वरचा माणूस खालच्याचा भरतो. खालच्यानं वरच्याचा भरायचा फॉर्म काही कंपन्यांत असतो, पण चार-पाच जणांच्या टीममध्ये निनावी अभिप्राय कुणाचा हे मॅनेजरला पहिल्या ओळीत कळतं, म्हणून सगळे चार ओळी गोड लिहून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की साहेबाची लायकी एकाच गोष्टीवर ठरावी. खालच्या माणसाला जे सांगायला अवघड जातं, ते वरपर्यंत किती लवकर पोचतं आणि ते सांगणाऱ्याचं पुढे काय होतं?

आयटीत काम केलेल्या कुणालाही 'रेड, अंबर, ग्रीन' ठाऊक आहे. दर आठवड्याला क्लायंटला स्टेटस जातं. टीममधली मुलगी सोमवारी सांगते, हे महिनाअखेरपर्यंत होणार नाही, दोन माणसं कमी आहेत. म्हणजे रेड. टीम लीडला वाटतं, रेड लिहिलं तर आपल्याला जमत नाही असा अर्थ निघेल. तो अंबर करतो आणि "थोडी रिस्क आहे" असं लिहितो. मॅनेजर ते वाचतो. त्याच्या वरच्यानं क्लायंटला आधीच तारीख देऊन ठेवलेली असते. तो ग्रीन करतो. तीन माणसांच्या हातांतून जाताना एका वाक्याचा अर्थ पूर्ण उलटला, आणि यात कुणी स्वतःला खोटारडा समजत नाही. पुढच्या शनिवार-रविवारी त्या मुलीला लॅपटॉप उघडून बसावं लागतं. तिनं खरं सांगितलं होतं, त्याची भरपाई तिच्याच सुट्टीतून होते. वर्षअखेर तिच्या फॉर्मवर येतं, "ओनरशिप वाढवण्याची गरज".

मधल्या मॅनेजरचा मी शत्रू नाही. त्याला वरून तारीख आणि खालून अडचण, दोन्ही झेलावी लागतात. पण पगारातला जास्तीचा भाग त्याला ज्यासाठी मिळतो ते काम हेच आहे. अडचण तशीच्या तशी वर नेणं आणि वरचा राग आपल्यापाशी थांबवणं. पुण्यात नेमकं उलट चालतं. राग तसाच खाली येतो आणि अडचण मध्येच अडते.

हे शिकायला रिसॉर्टची गरज नाही. पिंपरीच्या टेल्को कारखान्याचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, इतिहास वाचला तरी पुरे.

१९७४ची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीनं टेल्कोची जाहिरात पाहिली. महिलांनी अर्ज करू नये, असं तीत होतं. तिनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, येण्याजाण्याच्या पहिल्या वर्गाच्या भाड्यासकट, आणि ती टेल्कोच्या कारखान्यातली पहिली महिला इंजिनिअर झाली. त्याच पुढच्या सुधा मूर्ती. त्यांनी हे स्वतः लिहिलेलं आहे.

ही गोष्ट आपण नेहमी तिच्या धाडसाची म्हणून सांगतो. धाडस होतंच. पण शाळेत आणि शिबिरात सांगताना पोस्टकार्डाच्या दुसऱ्या टोकाकडे कुणी बघत नाही. मुंबईत टाटांच्या कचेरीत रोज किती टपाल येत असेल! त्यात एका अनोळखी मुलीचं, उघडं, चिडून लिहिलेलं कार्ड. ते कुणीतरी बाजूला फेकलं नाही. अध्यक्षानं ते वाचलं. वाचल्यावर "हे एचआरचं काम आहे" म्हणून झटकलं नाही. आणि कंपनीनं आपलीच छापलेली अट चुकीची मानली. यातली एक पायरी जरी निसटली असती तरी ते पोस्टकार्ड आज कुणाला ठाऊक नसतं. आजच्या कंपनीत ते कार्ड कुठपर्यंत पोचलं असतं? तक्रारींच्या मेलबॉक्समध्ये पडलं असतं आणि तिकीट नंबर मिळून बंद झालं असतं.

त्याच कारखान्यात पंधरा वर्षांनी काय झालं, ते मात्र शिबिरात सांगत नाहीत.

रतन टाटा डिसेंबर १९८८मध्ये टेल्कोचे अध्यक्ष झाले. पिंपरीत तेव्हा राजन नायर हा कंपनीनं बडतर्फ केलेला कामगार पुढारी हजारो कामगारांना आपला वाटत होता. व्यवस्थापनानं त्याच्या संघटनेला बाजूला ठेवून दुसऱ्या संघटनेशी वेतनकरार केला. मारहाणी झाल्या, व्यवस्थापकांवर हल्ले झाले, दोन्ही संघटनांचे कामगार एकमेकांवर उठले. सप्टेंबर १९८९मध्ये नायरच्या बाजूचे कामगार हजारोंच्या संख्येनं शनिवारवाड्यापाशी बेमुदत उपोषणाला बसले. पुणे दोन तट पडून बघत होतं. २९ सप्टेंबरला, उजाडायच्या आधी, पोलीस आणि राज्य राखीव दल तिथे पोचलं आणि उपोषणकर्त्यांना गाड्यांत घालून नेलं. आंदोलन मोडलं. टाटा झुकले नाहीत, म्हणून उद्योगजगतात त्यांची वाहवा झाली.

हिंसा करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. मॅनेजरच्या अंगावर धावून जाणं हा कामगारहक्क नव्हे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते टाटांनी नंतर स्वतः दिलेलं उत्तर. आपण कामगारांना गृहीत धरलं, त्यांच्यासाठी जे करायला हवं ते सगळं आपण करतो आहोत असं समजून चाललो, असं त्यांनी मान्य केलं. पगार बरा, कॅन्टीन बरं, वसाहत बरी. मग यांना आणखी काय हवं? हा प्रश्न विचारणारा माणूस उत्तर ऐकायला थांबत नाही. त्या पोकळीत नायर उभा राहिला. कामगारांचं बोलणं ऐकणारा एक माणूस त्यांना सापडला होता, आणि तो कंपनीबाहेरचा होता.

१९७४मध्ये एका कार्डानं नियम बदलला. १९८९मध्ये हजारो माणसांनी जेवण सोडलं तरी तोडगा निघाला नाही. कंपनी तीच, कारखाना तोच, आडनावही तेच. म्हणून "आमची संस्कृती चांगली आहे" असं कुठल्याही कंपनीच्या भिंतीवर लिहिलेलं दिसलं की मी विचारतो, या वर्षीची सांगा. संस्कृती वारशानं टिकत नाही. दर नव्या साहेबानं ती पुन्हा कमवावी लागते.

आता जिथे कुणी नेतृत्व शिकायला जात नाही अशा ठिकाणी जाऊ.

१९९०च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कामातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करू लागल्या. १९९३मध्ये त्या बायकांची पहिली मोठी परिषद झाली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पाठीशी हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव होते. बायकांची पहिली मागणी पगाराची नव्हती, ओळखपत्राची होती. कारण उकिरड्यावर वाकलेल्या बाईला कुणीही चोर म्हणू शकत होतं, पोलीस उचलू शकत होते. पालिकेनं ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे आरोग्यविमा आला. २००८मध्ये महापालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. आज सकाळी तुमच्या सोसायटीच्या दारात ढकलगाडी घेऊन येणारी ताई बहुधा त्या संस्थेची सभासद आहे, म्हणजे मालकांपैकी एक आहे. तिच्या वस्तीची प्रतिनिधी बैठकीत बसते. संस्थेच्या संचालक मंडळात स्वतः कचरा वेचणाऱ्या बायका आहेत.

याला म्हणतात प्रोफेशनल ग्रोथ. कचराकुंडीपासून करारापर्यंत. तीन हजारांहून जास्त माणसं, बहुतेक दलित समाजातल्या बायका, कित्येकींना लिहिता-वाचता येत नाही. हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीच्या वार्षिक अहवालात मला एवढी मोठी उडी दिसलेली नाही.

या बायकांनी २०१३मध्ये जे केलं ते तर प्रत्येक मॅनेजमेंट कॉलेजात शिकवावं असं आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड लोक उघडेच कचऱ्यात टाकतात आणि या बायकांना ते हातानं वेगळे करावे लागतात. पॅड बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे मागणी केली होती की गुंडाळून टाकायची पिशवी द्या, विल्हेवाटीची जबाबदारी घ्या. दाद मिळाली नाही. मग बायकांनी वापरलेले पॅड पाकिटात भरले आणि त्या कंपन्यांच्या कचेऱ्यांना पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हाला परत. त्यानंतर कंपन्यांना बोलणं भाग पडलं. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं ही तरतूद आली. आज पॅडच्या पुड्यात वेगळी पिशवी दिसली तर ती कुणाच्या हातांमुळे आली आहे हे लक्षात असू द्या.

हा निर्णय कुणी सल्लागारानं वरून दिला असता तर त्यातली धार गेली असती. तो त्या घाणीत हात घालणाऱ्या बायकांच्या अनुभवातून आला. 'स्वच्छ'मधली सुशिक्षित मंडळी कायदा वाचत होती, पत्रं लिहीत होती, माध्यमांशी बोलत होती. नेतृत्वातला आपला वाटा त्यांनी असा निवडला. मागे राहून कागद सांभाळायचा, पुढे त्या बायकांना उभं करायचं. हे फार अवघड आहे. शिकलेल्या माणसाला माईक सोडवत नाही.

आणि आता ते पत्र, ज्याबद्दल बोलताना मला अजूनही राग आवरत नाही.

जुलै २०२४मध्ये ईवाय या लेखापरीक्षण समूहाच्या पुण्यातल्या कार्यालयात काम करणारी २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट वारली. नोकरीला लागून चार महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईनं कंपनीच्या भारतातल्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. कामाचा बोजा, रात्री उशिरापर्यंत जागरण, सुट्टीच्या दिवशी काम, दिवस संपताना हातात येणारं नवं काम असं त्यात होतं. आणि अंत्यसंस्काराला कार्यालयातून कुणीही आलं नाही, हेही होतं. कामाच्या ताणानं जीव गेला हे कंपनीनं मान्य केलं नाही. अंत्यसंस्काराला कुणी गेलं नाही याबद्दल मात्र अध्यक्षांनी खेद व्यक्त केला. कारण काय होतं हा निवाडा मी करणार नाही. तो माझा अधिकार नाही.

पण दोन गोष्टींवर बोलायला कुठल्याही निवाड्याची गरज नाही. एक, तिच्या टीममधलं, मजल्यावरचं, कार्यालयातलं कुणीही तिच्या अंत्यसंस्काराला गेलं नाही. ज्यांनी तिच्या कामाच्या तारखा ठरवल्या त्यांना त्या दिवसाची तारीख लक्षात ठेवता आली नाही. दुसरी, कामगार खात्याच्या तपासणीत उघड झालं की हे कार्यालय २००७पासून चालू असूनही राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणीच नव्हती. फेब्रुवारी २०२४मध्ये अर्ज केला तो एवढा उशीर का म्हणून फेटाळला गेला होता. सतरा वर्षं. लोकांची खाती तपासणारी कंपनी.

हाच तो कायदा ज्यात तासांची मर्यादा आहे. २०१७च्या कायद्यात मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ आणि त्यावर काम घेतलं तर दुप्पट दरानं मोबदला. ओव्हरटाइमला तिमाहीत १२५ तासांची कमाल मर्यादा होती. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ९चे १० तास आणि १२५चे १४४ तास करायला मंजुरी दिली. एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर वर्षभर ज्या राज्यात कामाच्या तासांची चर्चा झाली, त्या राज्यानं तास वाढवले. उद्योग यावेत म्हणून, असं सांगितलं गेलं. गुंतवणूक यावी हे मलाही हवं आहे. पण ९ तासांची मर्यादा जिथे पाळली जात नव्हती, तिथे १० तासांची कोण पाळून घेणार? सरकारनं आधी तपासणारी माणसं वाढवावीत, मग तास.

आता प्रमोशन मिळालेल्यांनी नीट ऐकावं. व्यवस्थापकीय, देखरेखीचं किंवा गोपनीय स्वरूपाचं काम करणाऱ्याला त्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षी नावापुढे 'मॅनेजर' लागलं की पेढे वाटण्याआधी विचारा, माझ्या हाताखाली खरंच कुणी आहे का? कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार मला आहे का? काम कालचंच, तास कालपेक्षा जास्त आणि पद मात्र व्यवस्थापकाचं, असं असेल तर हाईकच्या बदल्यात तुम्ही काहीतरी दिलेलंही असू शकतं. कोर्टात पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय हे पाहिलं जातं, पण कोर्टापर्यंत जातो कोण!

आणि ज्यांना खरोखर चार माणसं हाताखाली मिळाली आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला विचारा, आपल्या टीमचं कुठलं काम तुला मूर्खपणाचं वाटतं. उत्तर मिळालं तर त्यातलं एक तरी बंद करून दाखवा. टीमनं सांगितलेलं रेड तुमच्या हातांतून जाताना रेडच राहू द्या. संध्याकाळी सहानंतर काम द्यायची वेळ आली तर ते लेखी द्या, म्हणजे वर्षाखेर तुमच्याच नावावर त्या मेल मोजता येतील. तुमची टीम सोडून गेलेल्यांना सहा महिन्यांनी फोन करा. नोकरीत असताना माणसं साहेबाला खरं सांगत नाहीत. नोटीस पीरियड संपल्यावर सांगतात.

कंपनीनं काय करावं हे तर कायद्यानंच लिहून ठेवलेलं आहे. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, हे आधीच्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामगार आणि मालक यांचे सदस्य समान संख्येनं, दर वर्षी अध्यक्षपद आलटून पालटून, स्त्रियांना प्रमाणात जागा, तक्रारीवर तीस दिवसांत निर्णय. कोड लिहिणारा इंजिनिअर तांत्रिक काम करतो, त्याचा पगार कितीही असो. कामगाराच्या व्याख्येत तोही बसू शकतो. "आम्ही कामगार नाही, आम्ही प्रोफेशनल" हा पुणेरी अभिमान त्याला या समितीपासून दूर ठेवतो आणि कंपनीला तो अभिमान फार स्वस्तात पडतो.

नाना पेठेतल्या हमालांना असला अभिमान परवडणारा नव्हता. त्यांनी १९५०च्या दशकात बाबा आढावांबरोबर हमाल पंचायत उभी केली. १९६९मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला आणि त्याखालच्या मंडळांवर मालक आणि कामगार यांना समान जागा मिळाल्या. पाठीवर पोती वाहणाऱ्यांना जे अर्ध्या शतकापूर्वी मिळालं, ते काचेच्या इमारतीतल्या इंजिनिअरला आज मागायलाही संकोच वाटतो.

म्हणून यंदा अप्रेझलच्या बैठकीत "तुमचे काही प्रश्न?" असं विचारलं जाईल तेव्हा दोन प्रश्न विचारा. आपल्या कार्यालयाचा दुकाने व आस्थापना कायद्याखालचा नोंदणी क्रमांक काय? आणि तक्रार निवारण समितीत आपल्या बाजूचे सदस्य कोण आहेत, त्यांना कुणी निवडलं? उत्तर लेखी मागा. एकट्यानं विचारायची भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून एकच मेल करा, चौघांच्या नावानं. उत्तर आलं नाही तर वाकडेवाडीला शिवाजीनगरच्या बाजूला अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे अर्ज घेतात.